मॉस्कोतले सहा महिने: थियागो सिल्वाच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

२००५ च्या हिवाळ्यात थियागो सिल्वा हा वीस वर्षांचा ब्राझिलियन बचावपटू मॉस्कोच्या दिनामो क्लबात दाखल झाला. तिथल्या पहिल्या संघाकडून तो एकही सामना खेळला नाही. त्याला फुप्फुसाचा क्षयरोग असल्याचं निदान झालं आणि पुढचे जवळपास सहा महिने त्याने इस्पितळात काढले. आजार आणखी दोन आठवडे लक्षात आला नसता तर बहुधा तो वाचला नसता, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. ही गोष्ट त्याने पुढे अनेकदा स्वतःच सांगितली आहे.

हाच खेळाडू नंतर मिलानबरोबर इटलीचा विजेता झाला, पॅरिसच्या क्लबाचा आठ वर्षं आधार होता, ब्राझीलकडून ११३ सामने खेळला, छत्तिसाव्या वर्षी चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा जिंकला आणि चाळिसाव्या वर्षीही मोठ्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत बचाव सांभाळत होता.

हे सगळं सहसा जिद्दीची कहाणी म्हणून सांगितलं जातं. जिद्द होतीच, पण जिद्दीने क्षयाचे जंतू मरत नाहीत. शिवाय ‘आजाराला हरवणारा पोलादी माणूस’ अशी जी प्रतिमा त्यातून उभी राहते, तिच्याच मापाने २०१४ च्या विश्वचषकात त्याला मोजलं गेलं आणि त्याच्यावर अन्याय झाला असं माझं ठाम मत आहे. म्हणून या प्रकरणाकडे जरा सावकाश बघायला हवं.

मॉस्कोला तो पोहोचला कसा

थियागोचा जन्म २२ सप्टेंबर १९८४ चा, रिओ द जानेरोतला. घर साधं, पैशांची ओढाताण कायमची. लहानपणी तो फ्लुमिनेन्स क्लबाच्या मुलांच्या संघात होता, पण तिथे टिकला नाही. शहरातल्या इतर क्लबांच्या चाचण्यांतही नकारच मिळाले. शेवटी घरापासून दूर, दक्षिणेकडच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यात, आरएस फुटबॉल नावाच्या छोट्या क्लबात त्याला जागा मिळाली. तिथून २००४ मध्ये तो त्याच राज्यातल्या जुवेंतूदेकडे गेला आणि ब्राझीलच्या पहिल्या श्रेणीत खेळू लागला. मधल्या फळीत सुरुवात केलेला हा मुलगा इथे मध्य बचावात स्थिरावला. त्या वेळी जुवेंतूदेचे प्रशिक्षक होते इव्हो वोर्टमान. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

त्याचा खेळ युरोपच्या नजरेत भरला. पोर्तुगालच्या पोर्तो क्लबाने त्याला सुमारे २५ लाख युरोंना विकत घेतलं. ही वेळ नीट ध्यानात घ्यायला हवी. मे २००४ मध्ये पोर्तोने चॅम्पियन्स लीग जिंकली होती आणि लगेच तो संघ विस्कटला. प्रशिक्षक जोसे मोरिन्यो इंग्लंडच्या चेल्सी क्लबात गेले, त्यांच्या मागोमाग बचावपटू रिकार्दो कार्व्हाल्योही गेला. क्लबाने त्याच उन्हाळ्यात पेपे या दुसऱ्या बचावपटूलाही आणलं. पुढच्या एका हंगामात पोर्तोला तीन प्रशिक्षक झाले. अशा धामधुमीत दक्षिण अमेरिकेतून आलेला, अजून नाव नसलेला मुलगा बी संघात जाऊन पडला आणि तिथेच राहिला. पहिल्या संघाची जर्सी त्याच्या वाट्याला आली नाही.

दिनामो मॉस्कोच्या नव्या मालकाकडे तेव्हा भरपूर पैसा होता आणि त्याचं लक्ष पोर्तुगालच्या बाजारावर होतं. कोस्तिन्या, मानिश, देर्लेई, सेइतारिदिस असे पोर्तोशी संबंधित खेळाडू २००५ मध्ये एकामागून एक मॉस्कोला पोहोचले. थियागो त्याच वाटेने जानेवारीत गेला. फरक एवढाच की ते नावाजलेले विजेते होते आणि हा राखीव संघातून आलेला, आतून आजारी असलेला मुलगा होता.

निदान एवढं लांबलं का

डॉक्टरांच्या अंदाजाप्रमाणे मॉस्कोत आजार सापडला तेव्हा तो काही महिने जुना झालेला होता. म्हणजे पोर्तोच्या दिवसांतच तो त्याच्या छातीत होता. मग कुणाच्या लक्षात कसा आला नाही?

एक कारण रोगातच आहे. बहुतेक जंतू अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतात, क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळपास अख्खा दिवस लागतो. त्यामुळे आजार अंगावर येत नाही, हळूहळू मुरतो. खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, घटणारं वजन, थकवा. यातलं प्रत्येक लक्षण वेगळं पाहिलं तर त्याला दुसरं सोपं कारण देता येतं. थंड हवेत आलेल्या ब्राझिलियन मुलाला खोकला झाला तर हवा बाधली म्हणायचं. वजन घटलं तर इथलं जेवण मानवत नाही म्हणायचं.

दुसरं कारण फुटबॉलच्या व्यवसायात आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. धावताना दम लागणाऱ्या खेळाडूकडे क्लब रुग्ण म्हणून बघत नाही. तंदुरुस्ती कमी पडते, मेहनत कमी पडते, मन लागत नाही, असे निष्कर्ष आधी निघतात. खेळाडूही बोलत नाही. परदेशातला करार, घरचे डोळे लावून बसलेले आणि संघात जागा पक्की नाही. अशा वेळी ‘मला बरं वाटत नाही’ हे वाक्य वीस वर्षांच्या मुलाच्या तोंडून निघणं फार अवघड असतं. ज्याला ओळखणारं आजूबाजूला कुणी नाही, त्याचा खेळ उतरला आहे की मुळात तेवढाच आहे, हे ठरवणार कोण? पहिल्या संघाचा खेळाडू असता तर त्याच्या प्रत्येक शिंकेची नोंद झाली असती.

आपल्याकडे हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा, हे सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. तरीही ‘एवढा धडधाकट पोरगा, याला कशाला टीबी होईल’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. युरोपातल्या पैसेवाल्या क्लबाच्या आवारात तीच चूक झाली, इतकंच.

फुप्फुस

मॉस्कोत आजार सापडला हे त्याचं नशीब, असं मी म्हणेन आणि त्यामागे कारण आहे. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतरच्या दशकात रशियात क्षयाने फार मोठं डोकं वर काढलं होतं, औषधांना दाद न देणारे प्रकारही पसरले होते. त्यामुळे तिथल्या डॉक्टरांच्या नजरेला हा रोग सवयीचा होता. क्षयासाठी वेगळी इस्पितळं होती आणि रुग्णाला महिनोन्‌महिने दाखल करून ठेवण्याची जुनी पद्धतही होती. आपल्याकडे रुग्ण घरी राहून गोळ्या घेतो. थियागोला मात्र खोलीत बंद राहावं लागलं. भाषा कळत नाही, घरचं कुणी जवळ नाही, आणि संसर्गाच्या भीतीने भेटायला येणारेही मोजकेच.

पण रशियन पद्धतीला दुसरी बाजूही होती. फुप्फुसाचा खराब झालेला भाग शस्त्रक्रियेने काढून टाकण्याकडे तिथल्या वैद्यकाचा कल इतर देशांपेक्षा जास्त राहिला आहे. थियागोच्या बाबतीतही हा विचार झाला होता. रोगाच्या दृष्टीने तो उपाय चुकीचा ठरवता येणार नाही. फुप्फुसाचा एक भाग काढलेला माणूस नोकरी करू शकतो, संसार करू शकतो, जिने चढू शकतो. मध्य बचावात मात्र तो खेळू शकणार नाही. या जागेवरच्या खेळाडूला आघाडीच्या खेळाडूमागे तीस-चाळीस मीटर जीव तोडून धावावं लागतं, आणि पुढच्या काही सेकंदांत श्वास जागेवर आणून पुन्हा तसंच धावावं लागतं. नव्वद मिनिटं हेच चालू राहतं. तिथे फुप्फुसाची उरलेली जागा कामाला येत नाही, सगळीच लागते.

ती शस्त्रक्रिया झाली नाही, औषधांनी काम केलं. क्षयाचा नेहमीचा औषधोपचार साधारण सहा महिन्यांचा असतो: पहिले दोन महिने चार औषधं एकत्र, नंतरचे चार महिने त्यातली मोजकी. औषधांना दाद न देणारा प्रकार असता तर त्या काळच्या उपचारांना दीड-दोन वर्षं लागली असती. थियागो सहा महिन्यांनी बाहेर आला, यावरून त्याचे जंतू औषधांपुढे नमणारे होते असं मानायला जागा आहे. त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी सुदैवाची गोष्ट कोणती असं विचारलं तर मी हीच सांगेन. तिचं श्रेय त्याच्या मनोबलाला देता येत नाही.

मनोबल खचलं होतं, आणि ते स्वाभाविकच होतं. फुटबॉल सोडून घरी परतायचं त्याने जवळजवळ ठरवलं होतं. आईने त्याला थांबवलं. हे त्याने लपवलेलं नाही.

ओळखणारा माणूस

बरा झालेला रुग्ण आणि खेळायला तयार असलेला खेळाडू यांत फार अंतर असतं. वजन वाढलेलं, स्नायू सैल पडलेले, वर्षभर सामना नाही. आणि कागदावर नोंद काय? पोर्तोच्या पहिल्या संघाकडून शून्य सामने, दिनामोकडूनही शून्य. असा खेळाडू कोण घेणार?

इथे वोर्टमान पुन्हा येतात. २००५ च्या मध्यावर ते स्वतः दिनामोचे प्रशिक्षक म्हणून मॉस्कोत आले होते. थियागोच्या आजाराआधीचा खेळ त्यांनी जुवेंतूदेत जवळून पाहिला होता आणि त्याची मॉस्कोतली अवस्थाही त्यांना माहीत होती. २००६ च्या सुरुवातीला ते फ्लुमिनेन्सचे प्रशिक्षक झाले आणि थियागो त्याच क्लबात परतला. वोर्टमान तिथे काही आठवड्यांपलीकडे राहिले नाहीत, पण दार उघडलं गेलं होतं. या प्रकरणात मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही ओळख. क्लबाच्या नोंदवहीत तो दोन देशांत अपयशी ठरलेला खेळाडू होता. एका माणसाच्या आठवणीत मात्र तो चांगला बचावपटू होता आणि त्या माणसाने आपल्या आठवणीवर भरवसा ठेवला.

पुढची प्रगती झपाट्याने झाली. २००७ मध्ये रेनातो गाउशो यांच्या हाताखाली फ्लुमिनेन्सने अंतिम फेरीत फिगेरेन्सेला हरवून कोपा दो ब्राझील जिंकला. २००८ मध्ये साओ पाउलो आणि बोका ज्युनियर्स अशा बड्या संघांना बाहेर काढत हा संघ कोपा लिबेर्तादोरेस या दक्षिण अमेरिकेतल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. इक्वेडोरच्या एलडीयू कितोविरुद्ध पहिला सामना २-४ गेला, रिओच्या माराकाना मैदानावर दुसरा ३-१ जिंकला, आणि पेनल्टी शूटआउटमध्ये चषक हातून निसटला. तोपर्यंत प्रेक्षकांनी थियागोला ‘मोन्स्त्रो’, म्हणजे राक्षस, म्हणायला सुरुवात केली होती.

डिसेंबर २००८ मध्ये मिलानने त्याला घेतलं. युरोपबाहेरच्या खेळाडूंच्या मर्यादेमुळे त्या हंगामात अधिकृत सामने खेळायला मनाई होती, म्हणून अर्धं वर्ष तो फक्त सराव करत राहिला. मिलानचा दिग्गज बचावपटू पावलो माल्दिनीचा तो शेवटचा हंगाम होता. पुढे आलेस्सांद्रो नेस्ताबरोबर त्याची जोडी जमली आणि २०१०-११ मध्ये मिलानने लीग जिंकली तेव्हा ३८ सामन्यांत संघावर फक्त २४ गोल झाले होते. त्या काळातला त्याचा खेळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवत असेल, घसरून टॅकल करायची वेळ त्याच्यावर क्वचितच येई. चेंडू कुठे पडणार हे त्याला आधी कळायचं आणि तो तिथे उभा असायचा. २०१२ मध्ये पॅरिस सां-जर्मांने त्याच्यासाठी सुमारे ४.२ कोटी युरो मोजले. सात वर्षांपूर्वी ज्याला कुणी विचारत नव्हतं त्याची ही किंमत होती.

बेलो होरिझोंतेतले अश्रू

२०१४ चा विश्वचषक ब्राझीलमध्ये होता आणि थियागो कर्णधार होता. वर्षभर आधी माराकानावर स्पेनला ३-० ने हरवून त्याने कॉन्फेडरेशन्स चषक उंचावला होता, त्यामुळे अपेक्षांचं ओझं विचारू नका. २८ जूनला बेलो होरिझोंतेत चिलीविरुद्धचा बाद फेरीचा सामना १-१ असा शूटआउटमध्ये गेला. कर्णधाराने आपल्याला पेनल्टी मारायला लावू नका असं सांगितलं आणि तो बाजूला चेंडूवर बसून राहिला. तो रडत होता. ब्राझील जिंकला, पण चर्चा झाली ती त्या अश्रूंची. कर्णधार मनाने कच्चा आहे, असं माजी खेळाडूंपासून समालोचकांपर्यंत अनेकजण बोलू लागले. संघाच्या मानसशास्त्रज्ञांना तातडीने बोलावलं गेलं.

सहा दिवसांनी फोर्तालेझात कोलंबियाविरुद्ध त्यानेच सातव्या मिनिटाला गोल केला. उत्तरार्धात मात्र त्याने कोलंबियाचा गोलरक्षक ओस्पिना चेंडू मारत असताना आडवं जाऊन अडथळा आणला. मुळीच गरज नसलेली चूक. पिवळं कार्ड मिळालं, स्पर्धेतलं दुसरं, आणि उपांत्य सामन्याला तो मुकला. टीका करायचीच तर या क्षणावर करावी, मी स्वतः करतो. ८ जुलैला त्याच बेलो होरिझोंतेत जर्मनीने ७-१ ने धुव्वा उडवला, त्यात एका टप्प्यावर सहा मिनिटांत चार गोल झाले. नेमार जखमी होता आणि बचावाची फळी सांभाळणारा कर्णधार मैदानावर नव्हता. तो असता तर सात गोल झाले नसते असं मला वाटतं. ब्राझील जिंकला असता असं मात्र म्हणवत नाही.

आपल्याकडे कोल्हापुरात आणि गोव्यात ब्राझीलवर जीव टाकणारे चाहते पिढ्यानपिढ्या आहेत आणि त्या रात्रीचं दुःख त्यांनाही झालं. पण पराभवाचा राग त्या अश्रूंवर काढणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. वीस वर्षांचा असताना परक्या देशातल्या इस्पितळात महिने काढलेला माणूस रडतो, म्हणजे कमकुवत आहे, हे कुठलं तर्कशास्त्र? इस्पितळातही तो खचला होताच. खचूनही रोज औषध घेतलं, आणि उठता आलं तेव्हा उठला. चिलीविरुद्ध रडलेला माणूस आठवड्याभरात गोल करतो, हा त्याच स्वभावाचा दुसरा पुरावा आहे. त्याला दगड समजणाऱ्यांनी त्याची मॉस्कोची हकीकत अर्धीच ऐकली होती.

शिक्का मात्र बसला. दुंगा प्रशिक्षक झाले आणि कर्णधारपद नेमारकडे गेलं. २०१५ च्या कोपा अमेरिकेत पॅराग्वेविरुद्ध थियागोच्या हाताला चेंडू लागून प्रतिस्पर्ध्यांना पेनल्टी मिळाली, ब्राझील बाहेर पडला आणि त्यानंतर तोही संघाबाहेर गेला. २०१६ मध्ये तिते आले, त्यांनी त्याला परत बोलावलं. २०१९ मध्ये माराकानावर पेरूला ३-१ ने हरवून ब्राझीलने कोपा अमेरिका जिंकली, त्या बचावात तो होता. २०२२ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, विश्वचषकात तो पुन्हा कर्णधार होता. क्रोएशियाने शूटआउटमध्ये बाहेर काढलं.

पुन्हा पोर्तो, पुन्हा फ्लुमिनेन्स

पॅरिसमध्ये त्याने सात वेळा लीग जिंकली, तरी चॅम्पियन्स लीग हुलकावणी देत राहिली. २०१७ मध्ये बार्सिलोनाविरुद्ध पहिला सामना ४-० जिंकून दुसरा ६-१ हरण्याचा प्रसंग ओढवला. ऑगस्ट २०२० मध्ये लिस्बनला अंतिम सामना बायर्नविरुद्ध ०-१ गेला. क्लबाने करार वाढवला नाही आणि पस्तिसाव्या वर्षी तो विनामूल्य चेल्सीला गेला. लीगमधल्या पहिल्याच सामन्यात, वेस्ट ब्रॉमविरुद्ध, त्याच्या चुकीतून गोल झाला आणि वयाची चर्चा सुरू झाली. जानेवारीत पॅरिसमधलेच त्याचे जुने प्रशिक्षक थॉमस टुखेल चेल्सीत आले आणि त्यांनी तीन जणांच्या बचावात त्याला मधोमध ठेवलं. ज्या प्रशिक्षकाला आपला खेळ आधीपासून माहीत आहे, असा माणूस त्याला दुसऱ्यांदा भेटला.

२९ मे २०२१ चा अंतिम सामना इस्तंबूलला व्हायचा होता, कोरोनामुळे तो पोर्तोच्या द्रागाव मैदानावर हलवला गेला. सतरा वर्षांपूर्वी याच क्लबाने त्याला पहिल्या संघात एकदाही उतरवलं नव्हतं. मँचेस्टर सिटीविरुद्ध ३९ व्या मिनिटाला जांघेच्या दुखापतीने त्याला बाहेर यावं लागलं, तेव्हाही त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तीन मिनिटांनी हाव्हर्ट्झने गोल केला, चेल्सी १-० जिंकली.

२०२४ मध्ये, १५५ सामने खेळून, तो चेल्सी सोडून फ्लुमिनेन्सला परतला. संघ तेव्हा ब्राझिलियन लीगच्या तळाला होता. मोसम संपेपर्यंत दुसऱ्या श्रेणीत घसरणं टळलं होतं. २०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत झालेल्या क्लब विश्वचषकात फ्लुमिनेन्सने इंटर मिलानला २-० आणि अल हिलालला २-१ ने हरवून उपांत्य फेरी गाठली. तिथे चेल्सीनेच ०-२ ने रोखलं, आणि दोन्ही गोल जोआव पेद्रोने केले, जो फ्लुमिनेन्सच्याच अकादमीत घडला होता. फ्लुमिनेन्सचे प्रशिक्षक पुन्हा रेनातो गाउशो होते. २००८ च्या अंतिम सामन्यानंतर सतरा वर्षांनीही बचावाच्या मध्यभागी उभं करायला त्यांना थियागो सिल्वापेक्षा भरवशाचा माणूस मिळाला नव्हता.